मौनाचे आठ दिवस

राहुरीजवळच्या एका खेड्यातून स्नेहलता आणि यमुना एकाच विमानाने जर्मनीला आल्या, एकाच संघात धर्मभगिनी झाल्या आणि एर्लांगेनच्या एका इस्पितळात वीस वर्षं नर्स म्हणून राबल्या. वॉर्डातल्या कितीतरी बायका बरं वाटू लागलं तरी घरी जायचं नाव काढत नसत. "इथं मला कुणी हाका मारत नाही, सिस्टर," असं त्यातली एक म्हणाली, ते स्नेहलताच्या मनातून जाईना. बायकांना आठ दिवस मौनात, देवाजवळ बसता येईल असं घर काढायचं, हे दोघींनी भांडी पुसता पुसता ठरवलं.

त्यासाठी जुना संघ सोडून नवा काढायचा, रोमला अर्ज, बिशपांच्या भेटी; यात तीन वर्षं गेली. २००४ साली होकार आला, आणि त्याच आठवड्यात यमुनाने सांगितलं की ती गावाकडच्या मिशन दवाखान्यात चालली आहे. कारण विचारलं तर तिने तोंड फिरवलं.

मग गेरट्रूड नावाची निवृत्त शिक्षिका आणि एक तरुण विधवा, अशा दोघींना घेऊन स्नेहलताने जंगलालगतच्या, फादरांच्या रिकाम्या जुन्या घरात नवा संघ सुरू केला. बायका येऊ लागल्या. शेतकरणी आल्या, प्राध्यापिका आल्या. घर भरलं. संध्याकाळी मात्र ती एकटीच मराठीत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची; पूर्वी दोघी ती अर्धी-अर्धी वाटून म्हणत. आपला अर्धा भाग म्हणून झाला की क्षणभर थांबायची, मग यमुनाचा अर्धाही स्वतःच म्हणायची.

पाच वर्षांनी नावनोंदणीच्या यादीत यमुनाचं नाव आलं. ती आली ती थेट मौनातच. नियम स्नेहलतानेच केलेला. आठ दिवस दोघी समोरासमोर बसून जेवल्या, एकमेकींकडे पाव सरकवत राहिल्या. प्रत्येकीला रोज अर्धा तास मार्गदर्शिकेशी बोलता येई. त्यासाठी स्नेहलताने यमुनाला मुद्दाम गेरट्रूडकडे दिलं. तिला स्वतःचा भरवसा वाटेना.

नवव्या सकाळी मौन सुटलं. बस थांब्यावर स्नेहलताने विचारलं, "तेव्हा का गेलीस?"

यमुना रस्त्याकडे बघत म्हणाली, "इथं राहिले असते, तर तुझ्यासाठी राहिले असते गं. देवासाठी नाही."

"मला तेवढंही चाललं असतं," स्नेहलता म्हणाली.

"माहीत होतं मला."

बस आली. यमुनाने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, सोडला आणि चढली. स्नेहलता चढणीने घरी परतली. गेरट्रूड खोल्यांतल्या चादरी काढत होती. दुपारी नव्या बायका यायच्या होत्या. स्नेहलताने चादरीचं दुसरं टोक धरलं.