राब न पेटलेली दोन वर्षं

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, तुम्ही भिंतीवरच्या खुंटीला टांगलेले आहात. समोर उघडं दार, दारापलीकडे भाताची खाचरं, आणि तुम्हाला जागचं हलता येत नाही. दोन वर्षं मी असाच लटकत होतो.

मी एक जुना कोयता आहे. पोलादपूरच्या लोहाराने मोडक्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यातून मला घडवलं आणि कापडे गावच्या ठमाबाईंनी घरी आणलं. दर हिवाळ्यात त्या माझ्या पात्याने ऐनाच्या फांद्या छाटत. झाड मात्र शाबूत ठेवत. त्या फांद्या, पाला आणि शेण खाचराच्या एका कोपऱ्यात पसरून उन्हाळ्यात भाजायचं, याला राब म्हणतात. तणाचं बी जळतं आणि राखेत भाताचं रोप जोमाने वाढतं. "ह्यो कोयता माझ्या लेकापेक्षा माझं जास्त ऐकतो," असं ठमाबाई सगळ्यांना सांगत.

मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नियम लागला : उघड्यावर पालापाचोळा जाळायचा नाही. हवा स्वच्छ राहावी, हा हेतू चांगलाच होता. पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शहरातला कचरा होता. राब त्यांना ठाऊकच नव्हता. राब बंद झाला आणि मी खुंटीला लागलो.

"भाऊसाहेब, राब नाय भाजला तं तण कोन काढंल?" ठमाबाईंनी ग्रामसेवकांना विचारलं.

"आजी, नियम वरून आलाय. माझ्या हातात काही नाही."

पहिल्या वर्षी तणाने अर्धं रोप खाल्लं. यंदा त्यांचा मुलगा प्रवीण तणनाशकाची बाटली घेऊन आला. तो औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, बिरवाडीत खोली घेऊन राहतो.

"आये, एक फवारा मारतो. गवत खलास!"

"आनि भात रे?"

"भाताला काय नाय होत गो."

गवत मेलं, पण रोपही पिवळं पडलं. खालच्या ओढ्यात छोटे खेकडे उलटे तरंगले. लावणी दहा दिवसांवर आली होती, आणि रोप नाही तर वर्षाचं भात नाही. ठमाबाई बांधावर नुसत्या बसून राहिल्या.

त्यांची सहावीतली नात अपेक्षा मात्र परसात गेली. न्हाणीच्या चुलीची राख टाकतात, तिथे आजीने उरलेलं मूठभर बी फेकलं होतं. ते हिरवंगार उगवलं होतं. तिने मला खुंटीवरून काढलं, माझ्या टोकाने एक जुडी तिथली आणि एक खाचरातली, मातीसकट उकरली. दोन्ही टोपलीत ठेवल्या, शेजारी मलाही ठेवलं, आणि ती थेट त्या दिवशी भरलेल्या ग्रामसभेत गेली.

मित्रांनो, धूर डोळ्यांत जातो, हे मलाही कळतं. नियम जरूर करा. फक्त करण्याआधी एकदा आमच्या बांधावर येऊन बघा.

"भाऊसाहेब, हे राखेत उगवलेलं, हे फवारा मारलेलं. यातलं कुठलं लावू?" अपेक्षाने विचारलं.

ग्रामसेवकांनी दोन्ही जुड्या हातात घेतल्या. हिरव्या जुडीच्या मुळांना लागलेली राख बोटांत चोळून पाहिली. मग हळूच म्हणाले, "मी वर कळवतो, बाळ."

"मग ह्या पन पाठवा," अपेक्षा म्हणाली. आणि वरपर्यंत जाताना रोपं सुकू नयेत म्हणून ती तिथेच खाली बसून दोन्ही जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळू लागली.