नीरोची हनुवटी

ते साल १९५८. एवारिस्तो मिस्त्रींच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते, आणि रोममधल्या एका संग्रहालयाच्या तळघरात ते संगमरवरी गुडघ्यावरून हात फिरवत बसले होते. घागरीएवढा धोंडा, कुठल्याशा प्रचंड पुतळ्याचा. यादीत तरी गुडघाच.

"बाई, गुडघ्याला दाढी येते का कधी?"

नव्या अधिकारी फुल्वियाबाई दिवा घेऊन वाकल्या. धोंड्याच्या कडेला केसांसारखे बारीक ओरखडे कोरलेले होते.

"म्हाताऱ्याला आता दगडातही न्हावी दिसायला लागला," चुना कालवणारा ओत्ताविओ म्हणाला.

"हनुवटी आहे ही," मिस्त्री म्हणाले. "उलटी ठेवलीय. आपलं ते बिननावाचं डोकं ओठाखाली तुटलंय ना, त्याचीच."

बाईंनी दिवा आणखी जवळ नेला. "वर साफ नि गळ्याशी दाढी... मिस्त्री, मग तर तो सम्राट नीरो. नाण्यांवर त्याची दाढी अशीच असते. डोक्याच्या तुटीला हिची तूट बसली की नाव पक्कं. यावर लेख लिहिते, त्यात तुमचं नाव घालते."

बत्तीस वर्षांत मिस्त्रींचं नाव हजेरीपटाबाहेर कुठं आलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

कप्पीनं धोंडा उचलून उलटवला. खालची बाजू फरशीसारखी सपाट तासलेली निघाली. तिथं आता कशालाच काही जुळणार नव्हतं.

"कुठल्या गाढवानं तासलं हे?" बाईंचा आवाज चिरकला.

मिस्त्रींनी अंगठा टेकवला. दातेरी छिन्नीचे तीन ओरखडे, एक गाळलेला, पुन्हा तीन. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या छिन्नीचा एक दात मोडला होता. तुकडे फळीवर नीट उभे राहावेत म्हणून तुटलेली बाजू सपाट करायची तेव्हा रीतच होती. दिवसाला चार-चार तुकडे व्हायचे. हा कधी केला, ते काही आठवेना.

"गप बैस," ओत्ताविओ कानाशी पुटपुटला. "मुकादम मेलाय केव्हाचा. ढकल त्याच्यावर."

"मीच, बाई," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी दिवा खाली ठेवला.

लेख छापलाच गेला नाही. ओत्ताविओ दोन वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेला. मिस्त्री रोमजवळच्या फ्रास्काती गावी लेकीकडे राहिले. घराची पायरी फुटली तेव्हा त्यांनी स्वतः छिन्नी न धरता गवंडी बोलावला. तिथंच ते वारले. फुल्वियाबाईंची तूरिनला बदली झाली.

यादीत अजूनही गुडघाच आहे. पण जाण्याआधी बाईंनी तो धोंडा त्या डोक्याखाली लोखंडी सळईवर बसवून घेतला. ओठ आणि हनुवटीच्या मध्ये दोन बोटं जागा रिकामी आहे.