दुसरा नमस्कार

भाताच्या कुकरचं बटण टक्कन वर उडालं आणि सुनयोंग दचकली. फोन कानालाच होता. पलीकडून निर्माते मा दोकसू पुन्हा म्हणाले, "लेखिकाबाई, ऐकताय ना?"

लेखिकाबाई. सहा महिने हाच माणूस तिला 'दिग्दर्शकबाई' म्हणत होता. सोलच्या या धंद्यात नावानं कोण हाक मारतं? हुद्दा हेच नाव. अकरा वर्षं दुसऱ्यांसाठी पटकथा लिहून झाल्यावर कुठे तिला हे नवं नाव मिळालं होतं.

"ऐकतेय."

"गुरुवारी मुहूर्त. पूजेत मांडायला डुकराचं मुंडकं सांगून ठेवलंय, शुभ असतं म्हणून चांगलं हसरं बघून आणा म्हटलं. देवांपुढे वाचायची प्रार्थना तेवढी तुम्ही लिहा. तुमच्यासारखं कुणाला जमतंय? आणि दिग्दर्शक म्हणून गिल साहेबांचं नाव घाला."

"कुठले गिल साहेब?" आपलाच आवाज तिला शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला.

"आता कसं सांगू तुम्हाला. नायकाची माणसं अडून बसली. पहिलटकरणीच्या हाती आमचा नट देणार नाही म्हणतात. पटकथेला नाव तुमचंच की! जरा मन मोठं करा."

"पण एकेक शॉट मी ठरवलाय. माझी वही..."

"बरी आठवण केलीत. ती वही गिल साहेबांकडे पाठवून द्या. उपयोगी पडेल त्यांना."

फोन बंद झाला. रडू आलं नाही, रागही नाही. तिनं वाटीत भात वाढला, त्यावर आणखी वाढला, मग आणखी. भात वाटीबाहेर सांडला तेव्हा भाताचा डाव अजून हातात आहे हे तिला कळलं.

मग ती टेबलाशी बसली आणि कागद ओढला. हाताला सवयच तशी. कुणी मागितलं की लिहून द्यायचं. 'आकाशाच्या आणि मातीच्या देवांनो, आमच्या माणसांना इजा होऊ देऊ नका. ऊन हवं तिथे ऊन द्या.' ओळी भराभर उतरत गेल्या. 'या चित्रपटाचे दिग्दर्शक' इथवर आली आणि थांबली. ती कागदाकडे बघतच राहिली. फोन ठेवून दहा मिनिटं झाली नव्हती, आणि आपण लिहायलाही बसलो?

खाली जमिनीवर पाच वर्षांची दाओन मुहूर्ताला मुंडक्यापुढे एकेकानं घालायच्या नमस्काराचा सराव करत होती. आठवडाभर मायलेकींचा हाच खेळ चालला होता. गुडघे टेकायचे, हात जमिनीला, कपाळ हातांवर. उशी म्हणजे डुकराचं मुंडकं, आणि उशीला दाओननं खडूनं हसरं तोंडही काढलं होतं.

"पहिला नमस्कार निर्मातेकाकांचा," ती म्हणाली आणि वाकली. उठली, फ्रॉक झटकला. "दुसरा दिग्दर्शकाचा. तिसरा त्या उंच हिरोकाकांचा."

सुनयोंगनं कागदावर हात ठेवला.

दाओन उशीपासून दोन पावलं मागे सरकली, आईसाठी जागा करून दिली आणि वाट बघत उभी राहिली.

"आई, दुसरा तुझाच ना?"