सायरन न ऐकलेला कॅमेरा

मित्रांनो, जरा वर बघा. अजून वर. खांबावर करडा डबा दिसतोय ना, ज्याच्या डोक्यावर सीगल पक्ष्यानं आत्ताच सकाळचं काम उरकलंय? तोच मी. वॉलारा हेड गावच्या नाक्यावरचा सिग्नलचा कॅमेरा, आता चांगलाच जुना झालेला. दिवा लाल असताना कुणी पांढरी रेघ ओलांडली, की मी दोन फोटो काढतो. एक रेघेवरचा आणि एक चौकाच्या मधोमध. "तो मी नव्हेच" म्हणायला जागाच ठेवत नाही.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा डोळा एकच दिला, पण असा दिला की चौकापलीकडच्या माणसाच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसावं. रस्त्याच्या पोटात तारा पुरल्या, गाडी रेघेवर आली की मला गुदगुली व्हावी म्हणून. कान मात्र दिले नाहीत. मानही वळत नाही. माझ्या पाठीमागे कांगारूंची वरात निघाली तरी मला पत्ता लागायचा नाही.

आणि माझा स्वभाव पडला चौकस! फोटो काढायची मुभा फक्त लाल दिव्याला, पण बघायला कोण अडवतंय? समोरून येणाऱ्या गाड्यांतल्या लोकांचे ओठ बघून बघून मी बोलणं वाचायला शिकलो. सगळ्यात आधी शिव्या आल्या. त्या रोज मिळायच्या, सावकाश मिळायच्या आणि थेट माझ्या डोळ्यात बघून मिळायच्या. शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही.

काय काय पाहिलं म्हणता! गाडी चालवताना दाढी करणारा पाहिला. मांडीवर कोंबडी घेऊन निघालेली आजी पाहिली. एका ख्रिसमसला पोरांनी माझ्या डोक्यावर सांताची टोपी चढवली. ती घसरून डोळ्यावर आली आणि आठवडाभर मला सगळं जग लाल लोकरीचं दिसलं.

पण मी काही नुसती गंमत बघायला उभा नव्हतो. मी यायच्या आधी या नाक्यावर एक अपघात झाला होता. खांबाच्या पायथ्याशी फुलं बांधलेली असायची. एक बाई ती बदलायला यायची. मी आल्यावर लोक दिव्याला थांबायला लागले आणि दुसऱ्या कुणाची फुलं तिथे आली नाहीत. ती बाई एकदा माझ्या खांबाला हात लावून उभी राहिली. ओठ हलले नाहीत, म्हणून काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. ती गेल्यावर मात्र मला वाटलं, आपण चुकूच शकत नाही.

इथेच माझं नडलं.

आता नाइतेबद्दल सांगतो. मूळची टोंगा बेटांवरची, दणकट बांध्याची, केसात कायम एक फूल खोचलेली. डायलिसिसच्या म्हाताऱ्यांना इस्पितळात नेणारी छोटी बस ती चालवायची. जाताना मला बसची पाठ दिसायची, येताना तिचं तोंड. पलीकडच्या दिव्याला थांबली की संत्रं सोलत माझ्याकडे बघून म्हणायची, "काय रे एकडोळ्या, जेवलास का?" अख्ख्या गावात मला जेवणाचं विचारणारी ती एकटीच. मी तिला पूर्वी पकडलं होतं आणि तिनं ते मान्यही केलं होतं. "चूक माझी होती, बाबा. तू तुझं काम केलंस." त्यात तिचे लायसनचे बरेच गुण गेले होते. थोडेच उरले होते; तेही संपले की लायसन जप्त.

मग ती लांब सुट्टी आली. आमच्याकडे लांब सुट्टीत चुकलात, तर गुण दुप्पट कापले जातात. शनिवार होता. पलीकडच्या कोपऱ्यावर, हार्डवेअरच्या दुकानासमोर, किनाऱ्यावरच्या जीवरक्षक क्लबचा सॉसेजचा ठेला लागला होता. पावाची चकती, सॉसेज, वर भाजलेला कांदा आणि लांबलचक रांग. वास मला येत नाही, पण लोकांची तोंडं बघून काय असेल ते समजतं.

दिवा लाल होता. नाइतेची बस सगळ्यात पुढे, शहाण्यासारखी रेघेमागे उभी. आणि अचानक काय झालं कोण जाणे, ती हळूच सरकली. रेघेवरून पुढे. मला गुदगुली झाली. एक फोटो. बस चौकात कडेला जाऊन थांबली. दुसरा फोटो. झाला आपला हिशेब चोख! मला जरासुद्धा शंका आली नाही.

पुढच्या एका शनिवारी नाइते पायी आली. बस नाही, संत्रं नाही. फुटपाथवर माझ्या समोर उभी राहून तिनं बोट रोखलं. "बहिऱ्या! तुझ्या पाठीमागे ॲम्ब्युलन्स कोंडली होती. बोंबलत होती ती! मी पुढे सरकले, मागच्या गाड्या सरकल्या, तेव्हा कुठे ती तुझ्या मागच्या गल्लीत डावीकडे वळली. आणि तू माझंच लायसन खायला निघालास?"

माझ्या पाठीमागे गल्ली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

ती तशीच रस्ता ओलांडून ठेल्यावर गेली. तिथे डेस होता. सत्तरीचा, हातात कायम चिमटा, मला 'पैसे खाणारा डबा' म्हणणारा. शेजारी सॉस वाढणारी त्याची बायको ग्वेन आणि टेबलाखाली त्यांचा कुत्रा, बिस्किट.

"घे, आधी खा," डेसनं पाव पुढे केला. "रडायचं ते भरल्या पोटानं रडावं."

"रडत नाहीये मी. कांदा तू भाजतोयस." नाइतेनं डोळे पुसले. "दंड रद्द करायचा अर्ज फेटाळला. लायसन जाणार. माझ्या म्हाताऱ्यांना आता कोण नेणार? त्या मिस्टर पावलोसना बसमध्ये चढवायलाच पाव तास लागतो, टॅक्सीवाला थांबतोय होय?"

"अगं, पण आम्ही इथेच होतो की!" ग्वेन म्हणाली. "आम्ही सांगतो ना."

"लिहिलं होतं मी तसं. म्हणाले, ओळखीचे लोक काय, काहीही सांगतील. ॲम्ब्युलन्सवाले म्हणतात, त्या दिवशी त्या भागात गाडी होती, पण तुमच्याच मागे होती का ते सांगता येत नाही. आणि फोटोत नुसती माझी बस."

"बघू फोटो," डेस म्हणाला. "मी आलोय का त्यात?"

"तुझं काय रे मध्येच!" ग्वेननं त्याच्या पाठीत एक धपका घातला.

"अगं, सरकारनं माझा फुकट फोटो काढलाय. बघू तर दे!"

नाइतेनं फोन दिला. दंडाच्या कागदावर फक्त बस कापून छापतात, पण फोनवर अख्खा फोटो बघता येतो. डेसनं तेलकट बोटांनी कोपरा ताणला.

"हे पोट माझं नाही."

"मग कुणाचं? चिमटा तर तुझाच आहे," ग्वेन म्हणाली. "आणि शी! कानात बोट काय घातलंयस? आयुष्यात एकदा सरकारी फोटो निघाला, तर नीट उभं राहायचं की नाही!"

डेस हसायला गेला आणि तसाच थांबला. त्यानं फोटो अजून ताणला. मग चिमटा खाली ठेवला. डेसनं चिमटा खाली ठेवलेला मी त्याआधी कधीच पाहिला नव्हता.

"ग्वेन. बिस्किट बघ कसा बसलाय."

फोटोत बिस्किट नाक आभाळाकडे करून, तोंड उघडून बसला होता.

"रडतोय," ग्वेन म्हणाली.

"कधी रडतो तो?"

"सायरन वाजला की. बाकी त्याच्या शेपटीवरून ट्रक गेला तरी झोपून राहील."

"आणि ही रांग बघ. ही लहान पोरगी, दोन्ही हात कानांवर. हा टोपीवाला, त्याचंही तेच. सगळ्यांची तोंडं त्या डब्याच्या पाठीमागच्या रस्त्याकडे!"

नाइतेनं फोन ओढून घेतला. "मी इतके दिवस फक्त माझी बस बघत होते," ती म्हणाली.

मीही, मित्रांनो. मीही फक्त बसच बघत होतो. फोटो माझा, डोळा माझा, आणि त्यात आवाज पडलाय हे माझ्याच ध्यानात आलं नव्हतं. आवाज असा दिसतो तर!

पुढे प्रकरण कोर्टात गेलं. तिथे काय झालं ते मला दिसलं नाही. पण डेस नंतर महिनाभर प्रत्येक सॉसेजसोबत ते फुकट सांगत होता. मॅजिस्ट्रेटबाईंनी म्हणे फोटो भिंतभर मोठा करायला लावला, चष्मा पुसला आणि विचारलं, "या गावातली इतकी माणसं सॉसेजकडे पाठ फिरवून उभी आहेत. नेमकं कशासाठी?" नाइतेचा दंड रद्द झाला, लायसन राहिलं.

सोमवारी बस पलीकडच्या दिव्याला येऊन थांबली. मिस्टर पावलोस पुढच्या सीटवर, पेंगत. नाइतेनं संत्रं सोललं. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माझं बुबुळ हलत नाही, नाहीतर मी नजर चुकवली असती.

"जेवलास का रे, बहिऱ्या?" ती म्हणाली.

मित्रांनो, आता मला खाली उतरवणार आहेत. नवा येणारा म्हणे पुढेही बघतो, मागेही बघतो. त्याचं स्वागत करा, टोपी घालायची तर नीट घाला, डोळ्यावर येऊ देऊ नका. त्याला शिव्या द्या, हरकत नाही, पण त्याच्या खांबाशी फुलं बांधायची वेळ कुणावर आणू नका. आणि तुमच्यातलं कुणी मोठं होऊन आमचे फोटो तपासायला बसलं, तर माझं एवढं ऐका. मधली गाडी बघून झाली की फोटोच्या कडाही बघा. आमच्या फोटोत सगळं असतं, पण ते काय आहे हे आमचं आम्हाला समजत नाही.

एक सांगायचं राहिलंच. कोर्टातून आल्यापासून डेसनं कोपऱ्यावर नवीच चाल पाडलीय. "डबा बहिरा आहे," तो रांगेला बजावतो, "सायरन आला की त्याला खुणेनं सांगावं लागतं." काल दुपारी मी रिकामाच बघत बसलो होतो. दिवा लाल, गाड्या रेघेमागे. तेवढ्यात डेसनं चिमटा खाली ठेवला आणि दोन्ही कानांत बोटं घातली. ग्वेननं घातली. मागोमाग अख्ख्या रांगेनं. सॉसेज बगलेत धरून एकजात सगळे माझ्याकडे तोंड करून उभे. खाली बिस्किटानं नाक आभाळाकडे नेलं.

रेघ कुणी ओलांडली नाही, म्हणून फोटो निघाला नाही. पण सायरन मी ऐकला.