चंद्रीचा सत्कार

“मावशी, तुझ्यापेक्षा तुझ्या चंद्रीला जास्त अक्कल हाय,” मी म्हनलो.

चंद्री म्हंजी बायडामावशीची शेळी. आमची घरं भिंतीला भिंत लागून, म्हनून असलं बोलायचा मला हक्क हाय.

“कशावरनं रं, वैज्या?”

“उद्या सोडून बघ. ती रूळ वलांडायची न्हाई. खालच्या बोगद्यानं जाईल. लाव पैज!”

ओट्यावर चहा पीत बसलेला कारभारीतात्या इतका हसला, की बशी सांडली. मावशीच्या शेळ्या कायम रूळ वलांडूनच पलीकडं चरायला जात्यात. बोगदा लांब पडतो, तिथं चिखल असतो, म्हनून मावशी तिकडं फिरकत न्हाई.

ठरलं. मी हरलो तर पारावर बसून अर्धी मिशी उतरवायची. मावशी हरली तर चंद्रीचा जाहीर सत्कार करायचा, शाल, हार, भाषन समदं. आन पुन्यांदा रुळावर पाय ठेवायचा न्हाई.

मला खरं तर ते शेवटचंच पायजे हुतं. मावशीला हल्ली नीट ऐकू येत न्हाई, पर कबूल कोन करतंय? चप्पल काढून रुळावर तळवा ठेवती आन म्हनती, “गाडी असली की पायाला मुंग्या येत्यात.” आधी ठीक हुतं. एकच लाईन, आन डिझेलचं धूड नगरपासनं बोंबलत यायचं. आता शेजारी दुसरी लाईन पडली, गाड्या इजेवर झाल्या, गुमान येत्यात. मावशीचा पाय मात्र जुन्याच रुळावर. सांगून झालं, भांडून झालं, तिच्या लेकीला फोन लावून झाला. मग मी आपलं डोकं चालवलं.

मावशीचा गुडघा धरला हुता तवा शेळ्या मीच चारल्या. रोज बोगद्यानं नेल्या, आन बोगद्याच्या तोंडाशी चंद्रीला खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा दिल्या.

सकाळी निम्मी वस्ती गोळा झाली. मावशीनं शेळ्या सोडल्या. चंद्री रुळापर्यंत गेली, कान हलवले, आन वळून थेट बोगद्याकडं सुटली. बाकीच्या तिच्या मागं.

“ए भवाने, फिर माघारी!” मावशी रुळाशी थांबून वरडाया लागली. सवयीनं चप्पल काढली, पाय जुन्या रुळावर ठेवला. “कुठं काय हाय? मोकळं तर हाय समदं!”

मला पलीकडच्या लाईनीवर इंजिन दिसलं. मी मागनं तिचा दंड धरला. गाडी समोरनं धडधडत गेली, मावशीचा पदर उडाला. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

शेवटचा डबा गेला तरी मावशी आपल्या पायाकडंच बघत हुती. मग तिनं चप्पल घातली आन बोगद्याची वाट धरली.

सांजच्याला पारावर सत्कार. मावशीनं चंद्रीला कुंकू लावलं, हार घातला, पाठीवर स्वतःची शाल टाकली आन भाषनाला हुबी राहिली.

“चंद्रीला बोगद्याची गोडी कुनी लावली, मला ठाऊक हाय. वैज्याच्या खिशात आजबी टरफलं हायेत. पैज लबाडीची हाय!”

समदे माझ्या मिशीकडं बघाया लागले. मी तोंडावर हात धरला.

“पर सकाळी माझा पाय गप राहिला,” मावशी हळू म्हनली. “म्हनून हरले. उद्यापासनं बोगदा.”

तिनं समद्यांसमोर चंद्रीला वाकून हात जोडले. चंद्रीनं गळ्यातला हार खाल्ला, आन मग माझा खिसा हुंगाया लागली.