कागदावर चाललेलं मशीन

मित्रांनो, मी एक जुनं शिवणयंत्र आहे. शिवणयंत्र हा शब्द तुमच्या पुस्तकातला. पौडात मला सगळे नुसतं मशीन म्हणतात. अंग काळं, त्यावर कधीकाळी सोनेरी वेल होती, ती आता हात फिरून फिरून पुसली आहे. मला बोलायची फारशी हौस नाही. पण माझ्या नावावर इतकं खोटं खपवलं गेलंय, की एकदा मनातलं सांगून मोकळं व्हावं म्हणतो.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, तेलाचा वास तेवढा आठवतो. आठवणी सुरू होतात त्या फुलाबाईपासून. तिचा नवरा सोपान रस्त्याच्या कामावर होता. त्यानं मला पुण्याहून एसटीच्या टपावर बांधून पौडला आणलं आणि फुलाबाईच्या पुढ्यात उभं केलं. "घे. आता मला मागू नकोस काही," असं म्हणाला आणि हसला. सोपान लवकर गेला. नंतर त्या घरात जे काही शिजलं ते माझ्या जिवावर शिजलं, हे मी फुशारकीनं नाही, खरं म्हणून सांगतो.

काय नाही शिवलं आम्ही! शाळेचे खाकी गणवेश, झबली, परकर, बाजारच्या दिवशी तातडीनं लागणारे ब्लाउज. एप्रिल आला की जयंतीचे निळे झेंडे, त्याचे पैसे फुलाबाई घेत नसे. बायका म्हणायच्या, "फुलाबाईनं लावलेला फॉल हाय, साडी फाटंल पर फॉल सुटायचा न्हाई." ते ऐकून मला बरं वाटायचं. फुलाबाईची पोरगी गौतमी माझ्या पायडलवर बसून मोठी झाली. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या पांढऱ्या साडीवरचा पांढरा ब्लाउज तिनं स्वतःच शिवला, माझ्यावर. फुलाबाईच्या डोळ्यांना तोवर कमी दिसायला लागलं होतं. म्हणून मला गौतमीबरोबर सासरी पाठवलं.

सासर म्हणजे मारुंजीतला भाड्याचा फ्लॅट, बाराव्या मजल्यावर. जावई सिद्धांत अकोल्याकडचा, हिंजवडीत एका कंपनीत नोकरीला. माणूस हुशार, बोलायला गोड. नोकरी सांभाळून तो लोकांना भाड्याचे फ्लॅट मिळवून द्यायचा आणि त्याचं कमिशन घ्यायचा. पहिल्याच महिन्यात शेजारच्या दोघीतिघी गौतमीकडे ब्लाउजचं कापड घेऊन आल्या. सिद्धांतनं ते परत पाठवलं. "सोसायटीत टेलरिंग करायचं नाही," तो म्हणाला. "आयटीतल्या माणसाची बायको लोकांचे ब्लाउज शिवते, बरं दिसत नाही ते."

झालं. माझ्यावर चादर पडली. चादरीवर इस्त्रीचे कपडे, त्यावर पुढे ऋतिकाची खेळणी, ऋतिका म्हणजे त्यांची मुलगी. माझा पट्टा सैल झाला, सुईवर गंज चढला. कामाच्या माणसाला रिकामं बसवलं की काय होतं ते मला विचारा.

मग एका रविवारी दयानंद आला. हा मारुंजीतला कर सल्लागार, बगलेत लॅपटॉप, तोंडात बडीशेप. कमिशनमुळे सिद्धांतवर कर जास्त बसत होता, त्यावर तोड काढायला त्याला बोलावलं होतं.

"नवरा-बायकोचं मिळून एकच रिटर्न भरता येतं का?" सिद्धांतनं विचारलं.

"आपल्याकडे तशी सोयच नाही. तुमचं तुमच्या नावानं, वहिनींचं वहिनींच्या."

"हिचं कसलं रिटर्न? ही घरीच असते."

"म्हणूनच तर. कमिशन वहिनींच्या नावावर दाखवू. त्यांच्या मर्यादेत बसतं, टॅक्स शून्य. सगळे असंच करतात. फक्त त्यांचा काहीतरी व्यवसाय पाहिजे."

त्याची नजर हॉलभर फिरली आणि चादरीखालून दिसणाऱ्या माझ्या पायांवर थांबली. "मशीन चालतं?"

"चालतं की. सासूबाईंचं आहे."

"मग वहिनी शिलाईकाम करतात," दयानंद म्हणाला. झालं ठरून. ज्या कामाची त्या घरात लाज वाटत होती, तेच काम कागदावर चालू झालं.

गौतमी चहा घेऊन आली. "मी कुणाचं शिवते?" तिनं हसत विचारलं.

"कागदावर गं," सिद्धांत म्हणाला. "तुला काही करायचं नाही."

तिला त्यात वावगं वाटलं नाही. उलट आपल्या नावाचं काहीतरी होतंय म्हणून ती जरा खूश होती, हे मी पाहिलं आहे. तिच्या नावानं बँकेत धंद्याचं खातं उघडायचं ठरलं, आणि बँकेचा माणूस धंदा बघायला यायचा होता. सकाळी सिद्धांतनं स्वतः माझ्यावरची चादर काढली, फडक्यानं पुसलं, शेजारणींचे ब्लाउज मागून आणून भिंतीवर टांगले. "तू नुसती बसून पाय हलव," त्यानं सांगितलं. बँकेचा माणूस म्हणाला, "मॅडम, चांगला बिझनेस आहे तुमचा." त्यानं फोटो काढला, त्याची एक प्रत सिद्धांतनं स्वतःच्या मोबाइलवर घेतली. गौतमी फोटोत लाजून हसते आहे. मित्रांनो, तो फोटो नीट बघाल तर माझ्या सुईत दोरा नाही.

खात्याचं कार्ड सिद्धांतच्या पाकिटात राहिलं. कमिशन तिथे यायचं आणि तो काढून घ्यायचा. दर जुलैत, रिटर्न भरायच्या वेळी, ऑफिसमधून त्याचा फोन यायचा, "मोबाइलवर ओटीपी आलाय, सांग." पहिल्या वर्षी तिनं विचारलं, "कशाचा?" तो म्हणाला, "तुला कळून काय करायचंय? सांग पटकन, मीटिंग आहे." पुढच्या वर्षांत तिनं तेही विचारलं नाही. आकडे वाचून दाखवायची आणि भाजी परतायला जायची. मी चादरीखाली गप्प, आणि तिकडे सरकारदरबारी माझी कमाई वर्षागणिक वाढत होती.

नंतर घरात भांडणं सुरू झाली. कशावरून ते मला पुरतं कळलं नाही, दार लावून भांडायचे. एक दिवस सिद्धांतनं बॅग भरली आणि हिंजवडीत वेगळा राहायला गेला. भाडं थांबलं. घरमालकानं महिनाभर वाट पाहिली, मग गौतमीला फ्लॅट रिकामा करायला सांगितलं. एका टेम्पोत गॅस, गादी, ऋतिका आणि मी असे पौडला परत आलो. फुलाबाईनं मला हातानं चाचपून ओळखलं. "लई हाल केलं रं तुजं," म्हणाली. मला रडता येत असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

गौतमीनं पोटगीचा दावा लावला. ऋतिकाची शाळा चालावी आणि आईवर भार पडू नये, एवढंच तिला हवं होतं. पहिल्या तारखेला ती ताठ मानेनं गेली. परत आली ती माझ्या पाटावर डोकं टेकून बसली आणि सगळं आईला सांगितलं.

सिद्धांतच्या वकिलानं तिची रिटर्नं मांडली होती. बाई स्वतः व्यावसायिक आहेत, दरवर्षी कमावतात, हा बघा धंद्याचा फोटो.

"मग सांगायचं की, खोटं हाय म्हून," फुलाबाई म्हणाली.

"आपल्या वकीलबाई म्हणतात, खोटं म्हणालात तर खोटं रिटर्न भरल्याचं तुमच्याच अंगावर येईल. ओटीपी तुम्हीच दिलाय. त्यापेक्षा धंदा बंद पडला म्हणा."

"कुटला धंदा?"

"तेच तर."

पुढच्या तारखेला तिला ते दुसरं खोटं बोलवलं नाही. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, धंदा कधी बंद केला? ती म्हणाली, सुरूच नव्हता. मग साहेबांनी फोटो तिच्यापुढे धरला. हे मशीन तुमचंच ना? हो. चालतं? चालतं. शिवता येतं? येतं. सगळी उत्तरं खरी होती आणि प्रत्येक उत्तरानं ती खाली खाली जात होती. तिनं वकीलबाईंना कानात सांगितलं, सुईत दोरा नाही बघा. त्या म्हणाल्या, दोऱ्यावर कोर्ट चालत नाही हो.

निकाल लागला. ऋतिकापुरती थोडी रक्कम मिळाली, तीही कधी येते, कधी येत नाही. गौतमीला काहीच नाही. ती कमावती ठरली. आणि खरं सांगतो मित्रांनो, मला माझ्याच लोखंडाचा राग आला. ज्या घराला मी जगवलं, त्याच घराच्या लेकीविरुद्ध मला साक्षीला उभं केलं, आणि मला तोंड नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं माझी चादर काढली, गंजकी सुई फेकून नवी बसवली, सांध्यासांध्यांत तेल सोडलं. मग दोरा ओवला. तेव्हापासून मी पुन्हा कामाला लागलोय. पौडात आता तयार कपड्यांची दुकानं झाली आहेत, गिऱ्हाईक पूर्वीसारखं नाही. फॉल, पिको, उसवलेल्या पँटी, शाळेच्या पिशव्या, जे येईल ते ती घेते. कागदावर मी जेवढं कमावत होतो, त्याच्या जवळपासही आम्ही पोचत नाही.

मुलांनो, मशीनला तेल घाला, चादरीखाली कुजवू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक गोष्ट जपा. तुमच्या घरात कुणी आईला, ताईला मोबाइलवरचे आकडे मागितले, तर तिच्या शेजारी उभे राहा आणि "कशाचे?" एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आमच्या घरात हा प्रश्न एकदाच विचारला गेला.

परवा जुलै लागला आणि दयानंदचा फोन आला. तिनं तो घ्यायला नको होता असं मला वाटलं, पण तिनं घेतला, आणि हातात कापड होतं म्हणून फोन माझ्या पाटावर ठेवून स्पीकर लावला.

"मॅडम, यंदाचं रिटर्न भरायचं ना? व्यवसाय तोच ठेवू, शिलाईकाम?"

तिचा पाय थांबला, माझं चाक थांबलं. कोपऱ्यात फुलाबाई कान देऊन बसली होती.

"ठेवा," गौतमी म्हणाली. "यंदा ते खरं हाय. आकडा मी सांगेन तेवढाच टाका."

"बरं. मग ओटीपी येईल, तेवढा सांगा."

"आधी कागद पाठवा. मी वाचते, मग सांगते."

फोन ठेवून तिनं पुन्हा पायडलवर पाय ठेवला. यंदाचा आकडा अगदीच लहान आहे, मित्रांनो. पण त्यातला टाका न् टाका मी घातलाय.