‘पुरे’ म्हटलं की थांबायचं

मुंजाजी मेंढरं विकून चौसाळ्याला लेकाकडं राहायला आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी आणि भुऱ्या नावाचा कुत्रा एवढंच आलं. धारूरच्या घाटात पाय घसरून त्याच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सळई टाकली. चालता यायला लागलं, पण मेंढरांमागं डोंगर तुडवणं आता होणार नाही हे त्याला कळून चुकलं. मेंढरं त्याच्या मेव्हण्यानं, सुग्रीवनं घेतली. सुग्रीव कुत्राही मागत होता. तेवढा मुंजाजीनं दिला नाही.

लेक हरिओमचं हायवेवर पंक्चरचं दुकान होतं आणि मागच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्या. सून उज्ज्वला घरी बसून ब्लाऊज शिवायची. सासू लग्नाआधीच वारलेली, सासरा कायम रानात. त्यामुळं मुंजाजीशी तिचं बोलणं ‘मामा, जेवायला वाढलंय’ एवढ्यापुरतंच होतं.

भुऱ्या भुंकायचा. ट्रकवर भुंकायचा, दूधवाल्यावर भुंकायचा, ब्लाऊज टाकायला आलेल्या बायकांवर भुंकायचा. डोंगरात त्याचं तेच काम होतं. लांडग्याची चाहूल लागली की हा बोंब उठवायचा, आणि मुंजाजी त्याच्या पाठीवर थाप मारून भाकरीचा मोठा तुकडा टाकायचा. इथं दिवसभर माणसं येत-जात होती आणि भुऱ्या आपलं काम इमानानं करत होता.

शेजारी बजरंग राहायचा. भिंतीला भिंत लागून. तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर होता; सकाळी यायचा, दिवसा झोपायचा. एकदा दुपारी तो लाल डोळ्यांनी दारात येऊन उभा राहिला. भांडला नाही.

“काका, काल गाडीवर माझा डोळा लागला,” तो म्हणाला. “क्लीनरनं हात मारला म्हणून जागा झालो. गाडीत माणसं असतेत. मला दिवसा झोप लागंना गेली.”

मुंजाजीनं भुऱ्याला आत ओढून दार लावून घेतलं. हरिओमनं मात्र त्याच संध्याकाळी विषय काढला. सुग्रीवमामा चैत्रात मेंढरं घेऊन इकडून परत जाईल, तेव्हा कुत्रा त्याच्या हवाली करायचा, असं त्याचं म्हणणं पडलं. मुंजाजी भाकरी अर्धी टाकून उठला.

उज्ज्वलानं ते ताट उचललं. दुसऱ्या दिवशी तिनं मोबाईलवर कुत्र्याला गप बसायला शिकवण्याचे दोन-तीन व्हिडिओ पाहिले आणि सासऱ्याला सांगितलं, की शिकवून बघू. चैत्राला अजून वेळ आहे. मुंजाजीला ते खरं वाटलं नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

पद्धत सोपी होती. एकानं बाहेर जाऊन कडी वाजवायची. कुत्र्याला भुंकू द्यायचं. मग एकच ठरलेला शब्द म्हणायचा आणि तो गप झाला की लगेच खायला द्यायचं. शब्द मुंजाजीनं निवडला, ‘पुरे’. बजरंग ड्यूटीवर निघून गेला की संध्याकाळी शिकवणी चालायची. उज्ज्वला बाहेर जाऊन कडी वाजवायची आणि मुंजाजी आत भाकरीचे तुकडे घेऊन बसायचा.

सुरुवातीचे दिवस वाया गेले. मुंजाजी ‘पुरे’ म्हणायचा, भुऱ्या भुंकतच राहायचा, आणि त्याला गप करायला म्हणून मुंजाजी तुकडा टाकायचा. भुऱ्या तो गिळून पुन्हा भुंकायचा. थोड्या दिवसांत कुत्र्याला पक्कं कळलं की भुंकलं की भाकरी मिळते. मग तो कडी न वाजताच भुंकायला लागला. हरिओम हसला आणि म्हणाला, आधी बरा होता की.

उज्ज्वलानं व्हिडिओ पुन्हा पाहिला. तुकडा गप झाल्यावर द्यायचा, आधी नाही, हे तिनं सासऱ्याला सांगितलं. मुंजाजीनं मान हलवली. पण आता दुसरीच अडचण आली. भुऱ्या ऐकत नाही म्हटल्यावर मुंजाजीचा आवाज चढायचा. डोंगराच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगाला हाका मारण्यात त्याचा जन्म गेलेला. तो ‘पुरे’ असं ओरडायचा की पत्रा दणाणायचा, आणि भुऱ्या दुप्पट जोरानं भुंकायचा.

“मामा, तुमी ओरडलाव की त्याला जास्तच चेव येतोय,” उज्ज्वला म्हणाली. “असं कावून होत असंल?”

मुंजाजीनं कुत्र्याकडं बघितलं. मग म्हणाला, “लांडगा आला की आमी दोघंबी संगंच वरडायचोत. त्याला वाटतंय, मी त्याच्या जोडीला हाय.”

त्यानंतर तो हळू बोलायला शिकला. ते त्याला कुत्र्यापेक्षाही जड गेलं. पहिल्यांदा नुसता घसा खाकरल्यासारखा आवाज निघायचा. उज्ज्वला दाराच्या फटीतून बोट ओठांवर ठेवून खुणावायची आणि त्याला हसू यायचं. एका संध्याकाळी तिनं कडी वाजवली, भुऱ्या भुंकला, मुंजाजी जवळजवळ पुटपुटला, “पुरे.” त्यानं काय म्हटलं ते ऐकायला भुऱ्यानं तोंड मिटलं आणि कान टवकारले. तेवढ्यात मुंजाजीनं तुकडा त्याच्या तोंडात दिला. उज्ज्वला दार उघडून आत आली तेव्हा म्हातारा कुत्र्याच्या मानेत हात घालून बसला होता.

तिथून पुढं गाडी सुरळीत चालली. भुऱ्या दोनदा भुंकायचा, मग आपणच मागं वळून बघायचा, कुणी काही म्हणतंय का. ‘पुरे’ म्हटलं की बसायचा. उज्ज्वलाचंही ऐकायला लागला. बजरंगची झोप होऊ लागली. एकदा त्यानं पुण्याहून बाकरवडीचा पुडा आणून दिला. भुऱ्याला सुग्रीवच्या हवाली करायचं बोलणं घरात कुणी पुन्हा काढलं नाही.

चैत्रात सुग्रीव आला. गावाबाहेर हरभरा काढलेल्या रानात त्याची मेंढरं बसली होती. मुंजाजी सकाळीच भुऱ्याला घेऊन भेटायला गेला. सुग्रीवचा एक कुत्रा साप चावून मेला होता आणि दोनच मुक्कामांत लांडग्यांनी कोकरं नेली होती. तो काही मागत नव्हता. नुसतं सांगत होता. भुऱ्या मात्र मेंढरांभोवती एक फेरा मारून आला आणि कोकरांच्या जाळीशी पाय पसरून बसला. निघताना मुंजाजीनं हाक मारली. तो उठला, थोडा आला, थांबला आणि मागं बघायला लागला. मुंजाजीनं दुसरी हाक मारली नाही.

तो एकटा घरी आला आणि उज्ज्वलाला सगळं सांगितलं. ती मशीनवर होती. तिनं पायडल थांबवलं.

“मला इचारायला पायजे होतं मामा,” ती म्हणाली. “तुमी एकट्यानं न्हाई शिकवलं त्याला.”

“चुकलं माझं,” मुंजाजी म्हणाला. “लई चुकलं. तू म्हणशील तर आणू माघारी.”

तिनं पायडल पुन्हा सुरू केलं. सकाळी मेंढरं हलायच्या आत ती सासऱ्याबरोबर रानात गेली. भुऱ्या लांबून भुंकत धावत आला, तिला ओळखून शेपटी हलवत पायांशी लोळला. तिनं त्याला भरपूर कुरवाळलं. मग सुग्रीवला जवळ बोलावून सांगितलं, की याला गप करायचं असेल तर ‘पुरे’ म्हणायचं, पण ओरडायचं नाही, आणि गप झाल्यावर काहीतरी द्यायचं. सुग्रीवनं तिच्यासमोर दोनदा करून दाखवलं. दुसऱ्यांदा जमलं.

“ऱ्हाऊ द्या त्याला,” ती मुंजाजीला म्हणाली. “हितं कोकरं हायत.”

मेंढरं धारूरच्या वाटेला लागली. भुऱ्या कडेकडेनं चालत होता. धूळ दिसेनाशी होईपर्यंत दोघं बांधावर उभी होती.

परतताना मुंजाजीच्या काठीच्या चालीनं उज्ज्वला हळू चालत होती. दिवसभर आता काय करणार, असं तिनं विचारलं. ते आपल्यालाच ठाऊक नाही, असं तो म्हणाला. थोडं अंतर गेल्यावर तिनं विचारलं, सुईचं काम येतं का. लग्नसराईचे ब्लाऊज साचलेत, हूक लावायला कुणी मिळत नाही.

“घोंगड्या जोडल्यात जन्मभर,” मुंजाजी म्हणाला. “दाभण धरतो तशी सुईबी धरीन. डोळ्याला चष्मा मातर लागंल.”

दुपारी हरिओम जेवायला आला, तेव्हा बाप खिडकीच्या उजेडात उज्ज्वलाचा जुना चष्मा लावून बसला होता. मांडीवर जांभळा ब्लाऊज होता. हात धुऊन हरिओम ताटावर बसला.